बेसबॉल कुणाचा
सौदीतल्या दम्मामच्या आमच्या वर्कशॉपमधला रत्नागिरीचा फिटर भाकरी गुंडाळलेला कागदही वाचून मगच टाकायचा. शुक्रवारी आम्ही अमेरिकन साहेबांबरोबर बेसबॉल खेळायचो.

एकदा साहेब म्हणाले, "हा खेळ आमच्याच देशात जन्मला."

फिटर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नाही साहेब. इंग्लंडातली पोरं त्याआधीच खेळत होती. तिथून तुमच्याकडे गेला, खलास."

त्याचा करार वाढवायच्या कागदावर साहेबांचीच सही व्हायची होती. मी त्याची बाही ओढली, पण तो ढिम्म हलला नाही.

साहेबांनी फोनवर बराच वेळ वाचलं. मग हसून म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

रविवारी सही झाली. माझा जीव भांड्यात पडला.

फिटर म्हणाला, "भाय, तू कशाला घाबरलास? मी काय खोटं बोललो होतो?"