देवळात हलवलेली शाळा

भाऊसाहेब वकिलांना साठावे वर्ष लागत आहे. मीही चार ओळी लिहाव्यात असे त्यांच्या सत्कार मंडळाने कळवले. माझी शाळा चौथीच्या अलीकडेच सुटली, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी.

त्यांची-माझी ओळख खालापूर-कर्जत रस्त्यावर झाली. घाट चढणाऱ्या आगगाडीला मागून दुसरे इंजिन लावतात, ते पाहायला मी पायी निघालो होतो. (इंजिन देखणे असते; पण ते राहू दे.) माझ्या वहाणेचा अंगठा तुटलेला पाहून भाऊसाहेबांनी बैलगाडी थांबवली, सुतळी काढली आणि स्वतःच्या हातांनी तो बांधून दिला. जात विचारली नाही; गाडीत घेतले.

गाडीत सखाराम बसले होते, वाटेवरच्या एका गावच्या महारवाड्यातले. त्यांच्या मुलाला, धाकूला, शाळेबाहेर ओट्यावर बसवीत. भाऊसाहेबांनी ते प्रकरण हायकोर्टापर्यंत नेले होते. सर्व मुलांना एकत्रच शिकवावे, असा निकाल नुकताच लागला होता.

गावात पोचलो तर शाळेला कुलूप. फळा, घंटा, मास्तर, सगळे मारुतीच्या देवळात. धाकू पाटी घेऊन बाहेर उभा. पाटील पायरीवर बसलेले.

"या वकीलसाहेब. कोर्टानं खोली दिली ना? खुशाल घ्या. आमची शाळा आता हितं."

सखाराम म्हणाले, "चला सायेब माघारी. नाय व्हायचं ह्ये."

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पाटील, निकाल खोलीचा नाही. शाळा भरेल तिथे धाकू बसेल. मास्तर, त्याला आत घ्या."

"म्हंजी, देवळात?" पाटील उठले.

"शाळेत. देऊळ तुम्हीच शाळेला दिलंत."

पाटलांनी एकदा मारुतीकडे पाहिले. मग आतल्या पोरांना म्हणाले, "फळा उचला रं." आणि भाऊसाहेबांना, "आमच्याच देवळातनं आमाला हाकललंत."

"शाळेला हाकललं. तुम्ही बसा की."

फळा जड होता. एक टोक भाऊसाहेबांनी धरले, एक मी, आणि तो परत शाळेच्या खोलीत नेला.

पुढे काही दिवस वर्गात धाकू एकटाच असे; बाकीच्यांना घरी ठेवले होते. भाऊसाहेब सवड काढून कर्जतहून येत आणि त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसत. हळूहळू मुले परतली. पाटलांचा नातू सगळ्यांत शेवटी आला आणि जागा नसल्याने धाकूजवळच बसला.

आता भाऊसाहेबांचे गुडघे कुरकुरतात. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि गुडघेही टिकोत. फिरताना मला ओट्यावर बसलेली मुले अजून दिसतात. त्यांना घेऊन आत बसायला ते हवेत.