तुटता तुटेना

कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'मोडणाऱ्या बाई' म्हणत. काम तेच होतं. धातूची पट्टी यंत्रात आडवी ठेवायची, वरून हळूहळू दाब वाढवायचा आणि ती कधी, कशी तुटते ते पाहायचं. घरीही त्यांच्या हातून कपबश्या फुटायच्या, म्हणून सासूबाई त्यांना चहा स्टीलच्या पेल्यातच देत. अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा. बाईंना ते लागायचं, पण मोडण्याचाच पगार घेणाऱ्या बाईने तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

प्रयोगशाळेच्या साहेबांनी उमेदीची सगळी वर्षं शिंपल्याची नक्कल करण्यात घालवली होती. शिंपल्याच्या आतला चकचकीत भाग असतो तसे धातूचे आणि चिनी मातीसारख्या कडक पदार्थाचे पातळ थर, एकावर एक. तडा गेलाच, तर त्याला प्रत्येक थरापाशी वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे पट्टी एकाएकी दगा देत नाही. ही करामत पाहायला वरचे लोक आले. त्यांना पटलं तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप आणि बाई घरी.

तुलनेसाठी आधी साधी कडक पट्टी लावली. ती धाडकन तुटली, तशा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांच्या पट्टीची पाळी आली. ती वाकली, कुरकुरली, अंगावर बारीक तडे उमटले, पण तुटता तुटेना. पाहुण्यांना जांभया येऊ लागल्या. न तुटणारी वस्तू घडवण्यात ज्यांचे केस पिकले, ते साहेबच बाईंच्या कानाशी येऊन पुटपुटले, "बाई, वेग वाढवा. तुटू दे एकदाची."

झटका दिला की काहीही तुटतं, हे बाईंना घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांच्या हाताखाली काहीतरी टिकत होतं, ते पहिल्यांदाच. पाहुणे जेवायला निघाले. त्यांच्यातले मुख्य जाता जाता म्हणाले की पहिलीत दम होता, हिच्यात काही झालंच नाही.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं त्या दिवशी बाईंनी घरी सगळं सांगून टाकलं.

"जन्मभर मोडत आलीस," सासूबाई म्हणाल्या, "आणि मोडायचं तेव्हाच नेमका हात आखडलास?"

"अजून धरून होती हो ती, आई," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

सासूबाई उठल्या. त्यांनी चहा केला, कपाटातली ठेवणीतली कपबशी काढली आणि काठोकाठ भरून सुनेच्या हातात दिली.