देव माझ्याशी बोलला नव्हता

चोवीस वर्षं हे माझ्या तोंडून निघालं नव्हतं. बायकोपाशी नाही, वरिष्ठांपाशी नाही, आणि खरं सांगू का — प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी त्याच्या कडेकडेनं जायचो. ‘प्रभू, माझे गुप्त अपराध पोटात घाल’ — एवढं म्हटलं की भागायचं. कोणता अपराध ते त्याला ठाऊक आहेच, मग उच्चारायचा कशाला? अशी माझी हुशारी.

आज लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय, पण ही भीती नाही. आनंद आहे. माझ्यासारख्यानं आनंदात असावं का, कोण जाणे. तुम्ही बसा जरा. मला धाप लागल्यासारखं बोलावंसं वाटतंय.

मी पाळक आहे. धारूरच्या डोंगराकडेला आमची वस्ती — तीसेक घरं आणि पत्र्याचं प्रार्थनामंदिर. दिवाळी झाली की कर्ती माणसं टोळ्यांबरोबर ऊस तोडायला जातात. मग माझ्यासमोर उरतात म्हातारे, शाळकरी पोरं आणि त्यांचा खोकला. सव्विसाव्या वर्षी इथं आलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू, पुढं एखादं शहरातलं चर्च मिळेल.

आल्या वर्षीच दुष्काळ पडला. विहीर तळाला गेली, जनावरं बाजारात गेली. दूधच उरलं नाही तेव्हा तालुक्याच्या सहकारी दूध संघानं आपले रिकामे टँकर धुऊन त्यांतून पाणी वाटायला काढलं. आम्ही वस्तीवर उपास धरून प्रार्थना करत होतो. अशात एका शुक्रवारी केजच्या स्टँडवर संघाचा कारकून भेटला.

“पाळकसाहेब, बरे घावलात. रविवारी चारला गाडी येती तुमच्याकडं. लोकायला सांगा, ड्रम मांडून ठेवा. निरोप पोचवा बरं, न्हाईतर गाडी येऊन उभी अन् माणसं रानात.”

एवढंच काम होतं — निरोप पोचवायचं. शुक्रवारी सांगितलं नाही. शनिवारी नाही. विसरलो होतो का? — नाही हो. परतीच्या जीपमध्ये बसल्या बसल्याच माझं ठरलं होतं. वाक्यसुद्धा दोनदा बदलून बघितलं होतं. रविवारी प्रवचनाच्या मध्येच थांबलो, डोळे मिटले आणि म्हणालो — देवानं मला दाखवलंय, आज दिवस मावळायच्या आत या अंगणात पाणी येईल. ड्रम मांडा.

का? कारकुनाचा निरोप सांगितला असता तर मी निरोप्या ठरलो असतो. मला त्याहून मोठं व्हायचं होतं.

पावणेचारला खालच्या वळणावर हॉर्न वाजला. ती दुपार मी कशी सांगू तुम्हाला? बाया घागरी टाकून धावल्या, पोरं टँकरच्या पुढं नाचली, कुणीतरी गीत धरलं. पाण्याला दुधाचा वास होता, तर एक म्हातारी म्हणाली, बघा, देवानं पाणी धाडलं तेबी दुधाच्या चवीचं. ड्रायव्हर खाली उतरून मला विचारत होता, “संघाचा निरोप भेटला व्हता ना?” — मी त्याला घाईघाईनं चहाला घरात घेऊन गेलो. गाण्याच्या आवाजात कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून वस्तीत एकच बोलणं — पाळकसाहेबांना देव बोलतो.

इथंच थांबलो असतो तरी खोटारडा ठरलोच असतो. पण मी थांबलो नाही, आणि खरी गोष्ट पुढची आहे.

याकोबदादा आमच्या मंडळीतले वडीलधारे. त्यांची मुलगी सुनंदा त्या वर्षी बारावी झाली होती. दिवाळीच्या तोंडावर दादा माझ्या दारात आले.

“पोरीला मिशनच्या दवाखान्यातून कागद आलाय. नर्सच्या कोर्सचा. पंधरा दिसांत या म्हणत्यात. आमी तर टोळीसंगं चाललो. धाडू का नगं? तुमाला देव बोलतो. इचारून सांगा.”

मी तीन दिवस मागितले. मोठ्या गंभीर चेहऱ्यानं मागितले.

आता ऐका. सुनंदा बाजाची पेटी वाजवायची. शास्त्रपाठ असा वाचायची की पोरं हलायची नाहीत. नाताळात आमचे वरिष्ठ साहेब पाहणीला येणार होते, आणि ती गेली असती तर त्यांच्यापुढं मी काय ठेवणार होतो — चार म्हातारे? त्या तीन दिवसांत मी देवाला एकदाही विचारलं नाही. तो काय म्हणेल, मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं — देव ‘थांब’ म्हणतो.

दादांनी मान डोलावली. सुनंदा दाराला टेकून उभी होती. ती एकच शब्द बोलली, “कावून?”

त्या ‘का’चं उत्तर मी रविवारी दिलं, व्यासपीठावरून. कुंभार आणि माती. मातीनं कुंभाराला जाब विचारू नये. प्रवचनात बोट ठेवायला जागा नव्हती. देव सार्वभौम आहे, त्याच्या इच्छेवाचून काही होत नाही — हे मी आजही जीव ओतून मानतो. पण त्या दिवशी मी त्या सत्याच्या मागं दडून बसलो होतो, आणि पुढ्यात, पेटीवर हात ठेवून, ती अठरा वर्षांची पोर ऐकत होती.

नाताळात साहेबांनी माझी पाठ थोपटली. बदली काही झाली नाही. पुढच्या वर्षी सुनंदाचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिनं कोयता उचलला. दर दिवाळीला जायची, होळीनंतर परतायची. आली की प्रार्थनेला हजर. पेटीला हात लावायची नाही. मी वाजव म्हटलं नाही, तीही वाजवते म्हणाली नाही.

आणि मी? मी कृपेवर प्रवचनं केली. चांगली केली, लोक रडले. ‘देव मला म्हणाला’ हे शब्द पुन्हा कधी वापरले नाहीत. त्यालाच मी पश्चात्ताप समजून चाललो होतो.

या वर्षी तोड संपवून परतली, आणि दोन महिन्यांनी सुनंदा माझ्याकडे आली. बरोबर तिची मुलगी होती. पोरीनं मोबाइलवर काहीतरी उघडून माझ्यापुढं धरलं.

“सलाम, पाळकसाहेब,” सुनंदा म्हणाली. “हिचा नर्सिंगला नंबर लागलाय. माजं तर देवानं अडवलं. हिचं काय म्हणतो, इचारून सांगा.”

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? तोच प्रश्न, त्याच घरचा. आणि या वेळी उत्तर किती सोपं होतं! ‘देव धाड म्हणतो.’ पोरीचं भलं झालं असतं, सुनंदा समाधानानं गेली असती, माझी अब्रू राहिली असती. शब्द अगदी ओठांवर आला. चांगल्या कामासाठी तेच खोटं — आणि देव पुन्हा एकदा माझ्या खिशात.

मी पोरीला घरात पाठवलं आणि सुनंदाला सगळं सांगितलं. कारकून, टँकर, तीन दिवस, साहेबांची पाहणी, सगळं. एकदम, न थांबता.

पोर गेली त्या दाराकडं तिनं एकदा पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजी देवानं नगं म्हणलं नव्हतं?”

“नाही.”

“कधीच?”

“त्याला विचारलंच नव्हतं.”

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. “चोवीस वर्सं. फडात पाचटानं हात चिरायचे, तवा मनात यायचं, माज्यात काय खोट दिसली आसंल त्याला? आई तर मरस्तोवर तेच म्हणत गेली. अन् तो माज्यावर रुसलाच नव्हता की.”

ते हसू मी ऐकत राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो, कृपा म्हणजे माझ्या अपराधाची क्षमा — कधीतरी मिळेल, गुपचूप. कृपा आली ती माझ्याकडे आलीच नाही. सरळ तिच्या घरी गेली. चोवीस वर्षं मी दारात आडवा पडून होतो, एवढंच.

मग तिनं डोळे पुसले आणि आवाज बदलला. “पोरगी जाईल. कुनाला इचारायचं न्हाई आता. अन् तुमचं काय करायचं ते मी आज सांगत न्हाई. पर हे रविवारी उभं राहून सांगा. दादा जिवंत हायत तवर.”

काल रविवार होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. संपलं तेव्हा पत्र्यावर पाखरांची नखं वाजत होती. याकोबदादा पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. ते मोठ्यानं म्हणाले, “काय म्हणला ह्यो?”

सुनंदा बायकांतून उठली, बापाशेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागली. मोठ्यानं सांगावं लागलं, म्हणून सगळ्या मंडळीनं ते दुसऱ्यांदा ऐकलं. मी व्यासपीठावरच उभा होतो. मी जिथं ‘मी खोटं बोललो’ म्हटलं होतं तिथं ती ‘पाळकसाहेब खोटं बोलले’ म्हणत होती. तिनं पदरचं काही घातलं नाही. माझ्यावर दया करून काही गाळलंही नाही.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाचपडत तिचा हात शोधला, कोयत्यानं घट्टे पडलेला तो तळवा दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उपासना संपेपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही.