रंगकाकांचा डाळिंबी हट्ट

रंगकाकांसमोर नुसतं 'लाल' म्हणायची सोय नव्हती. "कुठला लाल?" हा प्रश्न यायचाच. मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्त होऊन मिशिगनमधल्या ट्रॉयला घरी बसले, तरी जगातली प्रत्येक वस्तू आपल्याकडे तपासायलाच आली आहे, अशी त्यांची नजर. मी हौसेनं नवी गाडी दाखवायला नेली, तर अभिनंदन राहिलं बाजूला, दारावर अंगठा फिरवून म्हणाले, "सीमा, इथे संत्र्याची साल आलीय बघ. परत कर." रंग खडबडीत बसला की त्यांच्या खात्यात असं म्हणत. मला तोवर काहीही दिसत नव्हतं. आता रोज दिसतं, आणि रोज माझं डोकं फिरतं.

असा माणूस आमच्या ढोलताशा पथकात शिरला, म्हणजे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. नोव्हायला एका पार्किंग लॉटमध्ये आमचा रविवारी सराव असे. काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते ढोल बांधत नसत. फोल्डिंगची खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत. पथकाला अजून नाव नव्हतं आणि सगळं रामायण त्यावरूनच चाललं होतं. पुणेकरांना एक 'गर्जना' हवी होती, नागपूरच्या संजयभाऊंना दुसरी. पुढचा शब्द वेगळा, बाकी गर्जना तीच! पण तेवढ्यावरून माणसं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जायची बंद झाली. पथक फुटणार हे मला दिसत होतं. मी सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडून फोन मलाच.

"गर्जना राहू दे," काका म्हणाले. "रंगाचं नाव ठेवा."

इथे उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानांवर बिगुल, ड्रम आणि झेंडे घेऊन कवायत करणारी तरुण पोरांची पथकं असतात, ती काकांची दैवतं. त्यांतल्या कितीतरी पथकांच्या नावात रंग असतो. निळे अमके, किरमिजी तमके. का, ते काका कुणीही न विचारता सांगत. "अगं, ही जुनी पथकं कुठल्या चर्चच्या हॉलमधून निघाली, कुठली निवृत्त सैनिकांच्या क्लबातून. ज्याला जो युनिफॉर्म मिळाला, तो रंग नावाला चिकटला. आणि निळे एवढे का? निळा रंग लाइट्सखाली टिकतो, मळ दाखवत नाही. पिवळी पलटण कधी ऐकलीस?" खरं-खोटं देव जाणे. पण मीटिंग सातला सुरू व्हायची आणि आठ वाजले तरी आम्ही निळ्यावरच.

बरं, रंगाचं नाव ठेवायचं, तर रंग कुठला? संजयभाऊ म्हणाले, केशरी, यात विचारायचं काय! काका म्हणाले, "मिशिगनमध्ये ऑरेंज म्हणजे रस्ता बंद. सगळीकडे रस्तेदुरुस्तीची ती पिंपं उभी असतात. लोक आपल्याला बघून गाडी वळवतील." लालभडक म्हणावं, तर तो शेजारच्या ओहायोवाल्यांच्या कॉलेजचा, फुटबॉलमधल्या हाडवैऱ्यांचा, इथे कोण घालू देतो? निळा घेतला तर इथल्याच हिरव्या कॉलेजची पोरं रुसणार, हिरवा घेतला तर निळ्या कॉलेजची. पांढरा मळतो, काळा गणपतीला चालत नाही. "मग काय रंगहीन ठेवू का?" मी ओरडले. काका शांतपणे म्हणाले, "डाळिंबी." तो कुणाचाच लाडका नव्हता, म्हणून सगळ्यांना चालला.

त्यानंतर कापड. माझ्या सहनशक्तीचा अंत या माणसानं तिथे पाहिला. पुण्याहून नमुना आला. "हा बीट आहे." दुसरा आला. "हे मटण झालं." तिसरा तुकडा खिडकीत नेला, अंगणात नेला, ओला करून पाहिला. तोवर चार जुलैची परेड आली आणि गेली. आम्ही नाव न लावता, घरचे झब्बे घालून चाललो आणि माइकवरच्या माणसानं आम्हाला 'इंडियन ड्रमर्स' करून टाकलं. त्या संध्याकाळी मी काकांना तोंडावर सांगितलं, "तुमच्यामुळे हसं झालं आमचं. एवढा काय तो रंग!"

मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "आमची केतकी दोन उन्हाळे एका बिगुलवाल्या पथकात ड्रम वाजवायची. मी गाडी हाणत हाणत इंडियानापर्यंत गेलो तिला बघायला. वरच्या रांगेतून सगळी पोरं सारखी. माझी कुठली, शेवटपर्यंत कळेना. मग काय करतो? सगळ्यांसाठीच टाळ्या वाजवल्या." आणि पुढे म्हणाले, "तुमच्या गर्जनेला मालक आहेत, सीमा. रंगाला कुणी मालक नसतो. पथक टिकायला हवंय ना तुला?" माझा राग मात्र तसाच होता, कारण कापड अजून यायचंच होतं.

अखेर चौथा नमुना त्यांनी पास केला. जॅकेटं शिवून आली, ज्यानं त्यानं आपापलं घरी नेलं. आणि ऐन थंडीत काका झोपेतच गेले. त्यांची लेक केतकी आली, फ्युनरल होममध्ये सगळ्यांना मिठी मारत "थँक यू फॉर पुटिंग अप विथ हिम" म्हणत राहिली. मला हसू आलं आणि रडूही.

पुढच्याच मीटिंगला दोन्ही गर्जना पुन्हा टेबलावर. अरे, माणसाला जाऊन महिना नाही झाला! मी घसा फोडून सांगितलं, डाळिंबी ठरलंय, निदान त्यांच्यासाठी तरी. "ताई, काका होते तेव्हा ठीक होतं," संजयभाऊ म्हणाले. पुणेकरांनीही माना डोलावल्या, तेवढ्यापुरतं एकमत! पथक फुटलं. एवढं सांभाळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले.

या चार जुलैला परेडमध्ये आम्ही, म्हणजे पुणेकर आणि मी, पुढे आणि संजयभाऊंचे लोक मागे. बॅनर वेगळे, नमस्कारसुद्धा नाही. पण नवीन कपडे शिवायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे झाडून सगळे डाळिंबीत. मागचा ताशा कडाडला आणि आमच्या पोरांचे हात आपोआप त्यावर पडायला लागले. ठेका एकच होता, एकाच पार्किंग लॉटमध्ये शिकलेला. कडेच्या खुर्चीतली एक गोरी आजी उठून उभी राहिली. "यू हॅव सच अ बिग ग्रुप!" ती मला म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. उन्हात त्या टोकापर्यंत सगळं डाळिंबी, आपले कुठे संपले आणि त्यांचे कुठे सुरू झाले, काही कळेना. "येस," मी म्हटलं, "व्हेरी बिग."

एवढा संताप आला मला काकांचा! जिंकून बसले होते, आणि तेही मला न विचारता. आत्ताच्या आत्ता फोन लावून कडाकडा भांडावं असं वाटलं. फोन हातात घेतला, तेव्हा आठवलं.