कोकराच्या मागचा कागद

सारामावशी हट्टी होती आणि तो हट्ट आमच्या घराला महागात पडला, हे आधीच सांगून टाकतो. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत मशीनवरचं भरतकाम करावं तर तिनंच. १९४३ साली छावणीतल्या सोजिरांच्या जर्सींवर ती नावं भरून द्यायची. विणलेलं कापड भारी लबाड. रिंगेत ताणून बसवलं की शहाण्यासारखं राहतं, रिंग काढली की आक्रसतं आणि नक्षीचा चोळामोळा होतो. म्हणून मावशी ते सैल बसवायची, खाली आधाराला पातळ कागद ठेवायची आणि भरून झालं की कागद फाडून काढायची.

त्या साली तिची धाकटी बहीण दया, म्हणजे माझी आई, तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही बाळं महिन्याच्या आत गेली होती. आजोबा बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले, पण जन्माआधी बाळाला नवं कापड शिवू नये ही भीती घरात तशीच राहिली. आईनं जुन्या लुगड्याची दुपटी करून ठेवली होती.

"प्रार्थना करतीस आन् कापडाला भितीस व्हय?" मावशीनं तिची टर उडवली आणि बनियनच्या कापडाचं झबलं शिवायला घेतलं. छातीवर कोकरू भरायचं होतं. लढाईमुळे कागद मिळेना. घरात चर्चचं एक फाटकं गीतपुस्तक होतं, त्यातलं सुटलेलं पान तिनं न वाचताच खाली घातलं.

कोकरू सुरेख उतरलं. मावशी इतकी हरखली की कागद न काढताच धावत आमच्याकडे आली. आईला नववा लागला होता. ती भीतभीतच हसली आणि कागद सोलू लागली. कोकराच्या पोटाच्या टाक्यांत एक तुकडा अडकून राहिला. त्यावरची ओळ आईनं दोनदा, दोन कबरींपाशी उभं राहून गायली होती.

"अक्का, हे काय केलंस गं?"

मावशी सुईनं कागदाचे कण टोकरत बसली. घाईत वीण तुटली आणि झबलं उसवत गेलं. आईनं ते चुलीत घातलं.

मी धडधाकट जन्मलो. पण आईचा जीव थाऱ्यावर आला नाही. मला साधी शिंक आली तरी तिचा चेहरा उतरायचा. मावशीला तिनं मला कधी उचलू दिलं नाही. याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या वर्षी मला गोवर निघाला. मावशी आली, तर आईनं दार लावून घेतलं.

"जा अक्का. तू आलीस की मला लई भ्या वाटतं."

पुढचं वडिलांनी सांगितलेलं. मावशी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसली, मग उठून गेली. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. ते मावशीला कळवायला आईनं वडिलांनाही जाऊ दिलं नाही. रविवारी चर्चमध्ये कळेपर्यंत मावशी बिचारी, माझ्या मातीची घंटा कधी वाजते म्हणून, चर्चकडे कान लावून बसली होती.