दादाला सांगायचं कसं?

दवाखान्यात दहा दिवस काढले की किस्से आपोआप साचतात. रडायला बसलो तरी मधेच एखादा आठवतो.

तिरोडा रोडवर बाबा आणि दादाच्या मोटरसायकलला अपघात झाला. बाबा जागीच गेले. दादा वाचला, पण डोक्याला डावीकडे मार. शुद्धीवर आला, तर आमचं बोलणंच त्याला कळेना! आणि बाबांचं तर सांगायचं होतं.

*

काकाला वाटलं, दादा बहिरा झाला. कानाशी जाऊन ओरडला, "मले ओळखलं का रे?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. "म्या ओळखलं तुमाले! आता हळू बोला!"

*

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "कान चांगले आहेत. मेंदूला आवाज वेगळे करता येत नाहीत. प आणि ब त्याला सारखेच. लिहिलेलंही अजून उमगत नाही."

मी चिडलो. "असं कसं? आपलीच भाषा आहे ना!"

त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी बातम्या लावल्या. दोन मिनिटांत मी म्हणालो, "बंद करा मॅडम, डोकं दुखून राहिलं."

"त्याचंही दुखतं," मॅडम म्हणाल्या.

*

मग रोज प्रॅक्टिस. मॅडम दोन आवाज काढणार. सारखे असले तर अंगठा वर, वेगळे तर खाली. दादाचा अंगठा कायम वर! दवाखान्याचं पातळ वरण आलं, तरी वर.

आई म्हणाली, "घरी माझ्या वरणाले नावं ठेवत होता हा!"

*

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, तरी बोललो, "दादा, बाबा गेले."

त्याने हसून अंगठा वर केला.

मी नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिलो.

*

दहाव्याला नदीवर मुंडन करून आम्ही थेट दवाखान्यात आलो. आई दादाजवळच होती, म्हणून वॉचमन एका वेळी आणखी एकालाच सोडायचा. आधी मी गेलो.

टाक्यांसाठी दादाचंही डोकं भादरलेलं. त्याला वाटलं, त्याच्यासाठी मीही भादरलं! माझ्या टकलावर टपली मारून तो खदखदून हसला. मी बाहेर आलो, काका आत. त्याचंही टक्कल! दादा आणखी हसला. मग चुलतभाऊ आत गेला, तोही टकला.

हसणं थांबलं. वॉचमनला न विचारता मी आत धावलो. दादा दाराकडे बघत होता. आणखी कोणी येतं का, बघत राहिला. कोणी आलं नाही. मग मला छातीशी ओढून असा रडला, की सिस्टर धावत आली.

"काय झालं?"

उशाशी बसलेल्या आईने पदराने डोळे पुसले. "काही नाही, सिस्टर. याले समजलं!"