कोपराला चोळलेलं तेल

सातवीला सांधे शिकवताना मी सगळ्या वर्गाला उभं करते. खांदा गोल फिरवा, हा उखळीचा सांधा. मनगट हलवा, हा सरकता. मग कोपर, बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडतो नि मिटतो. पोरं पटकन हात सरळ करतात. माझा उजवा हात काटकोनावर अडतो. म्हणून माणिकपूरच्या शाळेत इतकी वर्षं मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते.

ही माझ्या काकाची कृपा.

आमचं घर खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं. वडिलांचा हा थोरला भाऊ गावात हाडं बसवायचा आणि कौतुकावर जगायचा. नऊ वर्षांची असताना मी शेताच्या बांधावरून पडले, कोपर सुजलं. डॉक्टरचं नाव काढलं तर काकाने ते हसण्यावारी नेलं. रोज सकाळी गरम तेल चोळून तो हात ओढायचा आणि वडील माझे खांदे दाबून धरायचे. सांध्याचं वंगण आतच असतं, कूर्चेने मढवलेल्या हाडांच्या मध्ये, पातळ पिशवीत. काकाला वाटायचं, बाहेरून तेल घातलं की झालं. महिन्याने एक्सरे काढला तेव्हा चोळून चोळून स्नायूतच नवं हाड तयार झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "चोळायचंच नव्हतं." काका मात्र गावभर सांगत फिरला, की त्याच्यामुळे पोरीचा हात वाचला. तेव्हापासून हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो.

यंदा आम्ही राहतो त्या बोळिंजहून गावच्या घरी गेलो असताना माझी मुलगी ओट्यावरून पडली. तेच कोपर, उजवं. काका आता ऐंशीच्या पुढचा, हात थरथरतात. तरी त्याने काकीला हाक मारली, "तेल गरम कर."

"तिला हात लावू नकोस," मी म्हणाले.

"तुझा हात कोनी राखला?"

मी माझं कोपर त्याच्या पुढ्यात धरलं. "मग हे सरळ करून दाखव."

आणि त्याने खरंच धरलं! अंगठा बरोबर जुन्या जागी बसला. त्याने ओढलं, पुन्हा ओढलं. काकी तेलाची वाटी घेऊन उभी. शेवटी म्हणाला, "तूच तवा रडून हात आखडून धरलास."

लाज कशी वाटली नाही मेल्याला! मी मुलीला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं.

प्लास्टर निघाल्यावर थोडे दिवस मुलीचा हात आखडलेला होता. मग एका सकाळी तिने टाचा उंचावून उजव्या हाताने वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला. सहज. मला आनंदाने रडू आलं, आणि त्याच क्षणी काकाचा राग पूर्वीपेक्षा दुप्पट झाला. माझा हात नुसता गप्प पडू द्यायचा होता. एवढंच करायचं होतं त्याने.